राजा अहिराणीत रागावतो

माझ्या नाकावर राग असतो हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट मीच लोकांना सांगायचे. बाईच्या जातीला थोडा राग पाहिजेच, नाहीतर लोक डोक्यावर मिरे वाटतात. सुरतेत डिंडोलीला आमचं घर. वर दोन खोल्या आणि खाली एक लांब खोली. खालच्या खोलीत मी साड्यांना लेस लावायचं काम घेते. कापड मार्केटातल्या शेठकडून साड्यांचं पार्सल येतं, गल्लीतल्या बायका मशीनवर बसतात आणि सांगितलेल्या वेळेत माल परत द्यायचा असतो. तिथे गोड बोलून भागत नाही. लेस वाकडी लागली की मी ती साडी त्या बाईच्या मांडीवर टाकायचे आणि म्हणायचे, "घे, तूच नेस आणि तुझ्या नवऱ्याला दाखव." बाकीच्या हसायच्या. हसतात म्हणजे त्यांना माझं बोलणं आवडतं, अशी माझी समजूत होती.

आमचे हे कापड विणायच्या लूमखात्यात. सगळी उमर त्या खडखडाटात गेली, त्यामुळे कान गेल्यातच जमा आहेत. स्वभावाने इतके गरीब की गाईनेसुद्धा यांच्याकडून शिकावं. आणि एक मुलगी, एकुलती एक. बी.कॉम. झाली, मार्केटातल्या एका ऑफिसात कंप्युटरवर बिलं बनवते. स्वतःच्या पगारातून तिने एक जुना लॅपटॉप घेतला आणि त्यावर बापलेकीचा एक नाद सुरू झाला. हे पाळीवरून आले, अंघोळ झाली की दोघं वरच्या खोलीत पलंगावर लॅपटॉप मांडून बसायची. गेम खेळायला. केस पांढरे झालेला माणूस गेम खेळतो, हे मी गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं.

गेममधली गोष्ट जुन्या ग्रीक लोकांच्या देवादिकांची होती. एक खलाशी वादळात सापडून एका बेटावर येतो. बेटाचा राजा समुद्रदेवाच्या कुळातला आणि महातापट. त्याने गलबत दिलं तरच खलाशी आपल्या घरी जाणार, नाहीतर तिथेच मरणार. राजा काहीतरी विचारतो, खाली चार उत्तरं येतात, त्यातलं एक आपण निवडायचं. राजाच्या डोक्यावर एक लाल पट्टी असते. उत्तर चुकलं की पट्टी भरत जाते, आणि ती पूर्ण भरली की राजा हातातला त्रिशूळ जमिनीवर आपटतो, बेट हलतं आणि खलाशी थेट समुद्रात जातो. मग पुन्हा पहिल्यापासून.

सगळं लिहिलेलं इंग्रजीत. यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मुलगी वाचून सांगायची, आणि यांना ऐकू यावं म्हणून मोठ्याने सांगायची. तेही आमच्या घरच्या अहिराणीत. एकदा खाली मी पार्सल बांधत होते, तर वरून आवाज आला, "कसाले उना आठे? तुले इतली बी अक्कल नही का? मी काय सांगस ते आधी आयक." मला वाटलं, शेजारी कुणाचं तरी वाजलं. वर गेले तर मुलगी पलंगावर कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून राजाचं बोलणं करत होती आणि हे पोट धरून हसत होते. मला पाहिलं आणि दोघं गप्प. मी विचारलं, कोण रागावतोय. मुलीने राजा दाखवला.

मला तो राजा आवडला, हे आता सांगायची लाज वाटते. मी म्हटलं, "बरोबर बोलतो की. न विचारता कोणी आपल्या घरात घुसलं तर विचारायचं नाही का?" हे भिंतीकडे तोंड करून खोकायला लागले. मुलगी म्हणाली, "हो मम्मी, तू म्हणतेस तेच बरोबर." मी जिना उतरले आणि उतरता उतरता मला जरा बरंही वाटलं, की पोर शहाणी आहे.

त्याच दिवसांत मी तिचं लग्न जमवत होते. चुलतसासूने एक स्थळ सुचवलं होतं. सुरतेतच भेस्तानला राहणारे, आमच्यातलेच, मूळ आमच्याच बाजूचे. मुलगा इच्छापोरला एका कारखान्यात मशीनवर, पोरसवदा दिसणारा, नजर खाली ठेवून बोलणारा. आई मवाळ. मी त्यांचं घर पाहिलं, शेजारपाजारी चौकशी केली, मुलाला चार आडवेतिडवे प्रश्न विचारले आणि ठरवलं की इथेच द्यायची. मुलीला विचारलं, "काय ग, पसंत ना?" ती म्हणाली, "तू म्हणतेस तेच बरोबर." मी लगेच फोन करून होकार कळवला. कानबाईचा सण झाला की सुपारी फोडायची असं ठरलं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. आमच्या लोकांनी गाव सोडलं, शेत सोडलं, पण सुरतेत येऊन कानबाई नाही सोडली. भाऊबंद जमतात, नैवेद्याचे रोट होतात, आणि ते रोट भाऊबंदांतच खाऊन संपवायचे असतात, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना माझी चुलतसासू सगळ्यांसमोर म्हणाली, "माय, तुना घरमा कशी शिस्त शे. नवरा बी हा म्हणस, पोर बी हा म्हणस." मी फुगून गेले. आतमध्ये मुलगी पिठाच्या हातांनी मान खाली घालून बसली होती. मला वाटलं लग्नाची लाज.

कानबाई उठली त्याच्या पुढच्या रविवारची दुपार. मुलगी ब्लाऊज शिवायला टाकण्यासाठी गेली होती. हे वर एकटेच लॅपटॉपसमोर बसलेले आणि पडद्यावर तो राजा. मी म्हटलं, "सरका, मला बघू द्या." माझं बारावीपर्यंतचं इंग्रजी अजून अंगात आहे, अडखळत का होईना वाचता येतं. राजाने विचारलं, माझ्या बेटावर कुणाच्या परवानगीने आलास? मी उत्तर निवडलं, मी आलो नाही, वादळाने आणलं. खरं होतं ते. पट्टी चढली. मग विचारलं, माझी मेजवानी कशी वाटली? मी निवडलं, मांस कच्चं होतं. तो म्हणाला, माझ्यासमोर असं बोलायची हिंमत कशी झाली? मी निवडलं, जे आहे ते बोललो. त्रिशूळ आपटला, बेट हाललं आणि मी समुद्रात.

मला असा राग आला त्या राजाचा. "एवढं काय झालं त्याला? खोटं बोलले का मी? विचारतो कशाला मग?" यांचे खांदे हसण्याने हलत होते. म्हणाले, "त्याच्यापुढे खरं नसतं बोलायचं." मी म्हटलं, "मग काय बोलायचं?"

तर यांनी पुढे सरकून पडद्यावर बोट ठेवलं. अक्षर वाचता येत नव्हतं पण कुठलं वाक्य कसं दिसतं ते पाठ होतं. खात्यात नवीन आलेल्या माणसाला तुटलेला धागा कसा जोडायचा ते समजावून सांगावं तसं शांतपणे सांगायला लागले. "पहिलं हे म्हणायचं, तुम्ही म्हणता तेच बरोबर. त्याने भागलं नाही तर हे, माझ्या लक्षातच आलं नाही. आणि पट्टी फारच चढली तर हे खालचं, चूक माझीच आहे. बाकीच्या उत्तरांना हात लावायचा नाही. मग तो आपोआप गार होतो. वाईट नाही तो मनाने."

सांगताना त्यांना मजा येत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पडद्यावरचं बोट मागे घेतलं. म्हणाले, "चहा ठेवतो," आणि उठून गेले.

मी तिथेच बसले. तुम्ही म्हणता तेच बरोबर. माझ्या लक्षातच आलं नाही. चूक माझीच आहे. या घरात माझ्याशी दुसरं काही कोणी कधी बोललं होतं का, ते मी आठवायला लागले आणि मला आठवेना. भाजी आणायला विसरले तर हे म्हणतात, माझ्या लक्षातच आलं नाही. मुलगी उशिरा आली तर, चूक माझीच आहे. खाली मशीनवरच्या बायका दिवसभर, हो ताई, तुम्ही म्हणता तेच बरोबर. मी याला मान समजत होते. चारचौघांत मिरवत होते. माझाच नवरा आणि माझीच मुलगी वरच्या खोलीत बसून मला कसं सांभाळायचं याचा सराव करत होती, आणि मी जिन्यावर उभी राहून त्या राजाची बाजू घेत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोलीत कोणी नसताना मी पदराने तोंड झाकून घेतलं.

आणि मग दुसरी गोष्ट आठवली. स्थळाला होकार देताना मुलगी हेच म्हणाली होती. शब्दन् शब्द हेच.

ती घरी आली तेव्हा मी तिला जवळ बसवलं. कधी नव्हे इतक्या हळू आवाजात विचारलं, "बेटा, तो मुलगा तुला खरंच पसंत आहे का? नसेल तर सांग. मी रागावणार नाही." तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, तिथे हे चहाची गाळणी घेऊन उभे होते. मग म्हणाली, "हो मम्मी. पसंत आहे."

"खरं सांग."

"खरंच सांगतेय."

"माझ्या भीतीने नको बोलूस. जे मनात असेल ते सांग." ती नुसती बापाकडे बघत राहिली, आणि माझा आवाज चढला. जित्याची खोड. "बापाकडे काय बघतेस? मी विचारतेय ना? खरं सांग म्हणते तर तोंडाला कुलूप लागलं का?"

ती म्हणाली, "तू म्हणशील तसं, मम्मी."

मला तेवढं पुरे होतं. पोरीच्या मनात नाही हे मला कळलं, असं मला वाटलं. एका रागीट बाईच्या धाकाने ती मान खाली घालून कुणाच्याही घरी जायला निघाली आहे, आणि आईने आता हे थांबवलं नाही तर कोण थांबवणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कामावर गेल्यावर मी भेस्तानला फोन लावला. मुलाच्या आईला सांगितलं की आमच्याकडून नाही समजा. त्या बिचाऱ्या घाबरून विचारायला लागल्या, काय झालं, आमचं काही चुकलं का. इथे मी नीट बोलायला पाहिजे होतं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हटलं, "मुलीच्या मनात नाही. आणि मनात नसताना कुठेही ढकलून द्यायला आमची पोर आम्हाला जड झालेली नाही." फोन ठेवला. मन अगदी हलकं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मुलीसाठी काहीतरी तिच्या मनासारखं केलं, या आनंदात मी तिच्या आवडीच्या शेवभाजीचा मसाला भाजायला घेतला.

जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली नव्हती तर मुलगी रिक्षातून उतरली. डोळे सुजलेले. खालच्या खोलीत सगळ्या बायका मशीनवर होत्या. मी मसाल्याचे हात पुसत पुढे झाले आणि म्हटलं, "सुटलीस बघ."

ती म्हणाली, "कोणी सांगितलं तुला की मला सुटायचं होतं?"

एक एक करून मशीन थांबल्या. ती माझ्याकडे सरळ बघत होती, आणि ते मला इतकं नवीन होतं की मीच नजर खाली केली. ती म्हणाली की तो मुलगा तिला आवडतो. कॉलेजपासून आवडतो, आणि माझ्या फोनचं त्यानेच तिला ऑफिसात कळवलं. म्हणाली, "ते स्थळ तू नाही आणलंस, मम्मी. आम्ही तुझ्यापुढे आणलं. पप्पांनी चुलत आजीला सांगितलं, आजीने तुला सांगितलं. तुला वाटलं पाहिजे की तूच शोधलंस, तूच ठरवलंस. किती दिवस लागले आम्हाला. आणि काल तू विचारलंस तेव्हा मी दोनदा खरं सांगितलं."

मी म्हटलं, "मला आधीच सरळ सांगायचं होतं ना."

"सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

काय म्हणाले असते ते मला माहीत होतं, आणि खोलीतल्या सगळ्या बायकांनाही माहीत होतं. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, पण पोरीने स्वतः निवडला एवढ्यावरून मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या बायकांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. ज्यांच्या मांडीवर मी साड्या फेकल्या होत्या त्यांनी खालमानेने लेसची रिळं गोळा करायला घेतली. मी फोन उचलला. म्हटलं, "थांब, आत्ता त्यांना फोन करते, हवं तर पाया पडते." मुलीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. ओढला नाही, नुसता काढून घेतला. म्हणाली, "नको. तू काही करू नकोस. फक्त घरी थांब."

हे अर्धी पाळी टाकून आले आणि बापलेक भेस्तानला गेली. मी घरी थांबले. शेठचं पार्सल तसंच पडून राहिलं, शेवभाजीचा मसाला तव्यावर करपला. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं मी किती लोकांना हसून म्हटलं असेल. तिचं लग्न मोडलं असेल तर ते माझ्या रागाने नव्हे, तर मला लाज वाटली म्हणून मोडलं असेल, याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. बाकी लोक देवाजवळ बुद्धी मागतात. मी मागितलं की त्या मुलाच्या आईचं मन माझ्यापेक्षा मोठं असू दे.

संध्याकाळी दोघं परत आली. मुलगी सरळ वर गेली. हे चपला काढत म्हणाले, "जमलं परत." मी विचारलं, कसं. हे बराच वेळ चपलाच नीट ठेवत होते. मग सांगितलं. मुलीने त्यांना सांगितलं होतं की मम्मीला बीपीचा त्रास आहे. बीपी वाढलं की ती काय बोलते ते तिचं तिलाच कळत नाही, नंतर आठवतही नाही. मनावर घेऊ नका. मुलाच्या आईने डोळे पुसले आणि म्हणाल्या की त्यांच्या बहिणीचंही असंच आहे, त्यांनीच उगीच वाईट वाटून घेतलं.

मला बीपी नाही. साधं डोकं दुखत नाही माझं. क्षणभर तळपायाची आग मस्तकात गेली, की माझीच पोर परक्या घरी जाऊन मला आजारी ठरवून आली. पण हे तसेच उभे होते, एक चप्पल हातात धरून. मी म्हटलं, "चांगलं केलं तिने." दुसरं काय म्हणणार.

सुपारी फोडायला आम्ही भेस्तानला गेलो तेव्हा त्या घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. मुलाने जिन्यावर मला हात दिला. पंखा माझ्याकडे वळवून ठेवला होता. मुलाच्या आईने मला बाजूला घेऊन पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ताई, सकाळची गोळी घेतली ना?" मी म्हटलं, "घेतली." त्या म्हणाल्या, "रोज घेत जा. चुकवायची नाही." मी मान हलवली. इतकी चांगली बाई, आणि मी तिच्याशी फोनवर तसं बोलले होते.

पंगत बसली. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, आमच्याकडची. माझ्या ताटात मात्र वेगळी वाटी आली, फिकी, वर तेलाचा थेंब नाही. मुलाची आई वाकून म्हणाली, "तुमच्यासाठी बिनमिठाची केली, ताई. बीपीला मीठ चालत नाही ना." आजूबाजूच्या चार बायकांनी ऐकलं, आणि माझ्याकडे दयेने पाहिलं.

मी घास घेतला. तोंडात नुसतं उकडलेलं वांगं. समोरच्या ओळीत मुलगी बसली होती, नवीन साडी, कपाळाला कुंकू, हातात बट्टीचा घास. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. लहान असताना परीक्षेतले मार्क सांगायच्या आधी बघायची तशी. मी म्हटलं, "छान झाली आहे भाजी," आणि अजून वाढायला सांगितली. मुलाच्या आईने आनंदाने आणखी दोन पळ्या वाढल्या. मी त्याही खाल्ल्या. मुलीने हातातला घास तोंडात घातला नाही. माझं ताट रिकामं होईपर्यंत ती तशीच बघत बसली होती.